बोटभर फरक

आमच्या वन्संसमोर 'चालेल' हा शब्द काढायची सोय नाही. एकदा एक ड्रायव्हर बिचारा म्हणून गेला, "ताई, नट जरा सैल आहे, पण चालेल." वन्संनी त्याच्या हातातला चहाचा कप काढून घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि परत दिला. म्हणाल्या, "कपाला तडा गेलाय, पण चालेल. मांडीवर ठेवून पी." तो मुकाट्याने पाना घेऊन नट आवळायला बसला. नाकावर माशी बसू देणार नाहीत अशी बाई, आणि वर ती माशीच चुकीच्या जागी बसली होती हे सिद्ध करून दाखवतील.

वन्सं म्हणजे माझी नणंद, नवऱ्याची थोरली बहीण. वय अठ्ठावन्न, उंची ट्रकच्या दाराच्या कडीपर्यंत, मनगटं मात्र माझ्या दुप्पट. धंदा ट्रकच्या कमानी बसवायचा. ट्रकच्या चाकावर लोखंडी पाट्यांची एकावर एक रचलेली चळत असते, तिला कमान म्हणतात. गाडीचं सगळं ओझं ती पेलते. तिच्या मधोमध भोक असतं, त्यातून एक बोल्ट जातो आणि त्याच्यावर चाकांचा आडवा दांडा, म्हणजे एक्सल, आपल्या जागी बसतो. पुढच्या चाकांची कमान नीट बसली नाही तर ड्रायव्हर कितीही हुशार असो, गाडी त्याचं ऐकत नाही. हे सगळं मला वन्संनी लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यातच समजावून सांगितलं होतं. दुसऱ्यांच्या नणंदा नव्या सुनेला घरातले डबे दाखवतात, माझ्या नणंदेने मला ट्रकखाली निजवून एक्सल दाखवला.

वर्कशॉप म्हणजे एक लांबट पत्र्याची शेड, मालट्रकांच्या अड्ड्याच्या मागच्या रस्त्यावर. आत दोन गाड्या जेमतेम मावतात. भिंतीला पाने लटकवलेले, प्रत्येक पान्याच्या मागे खडूने त्याचाच आकार काढलेला, म्हणजे कोणता पाना जागेवर नाही ते दारातूनच दिसतं. मूळ शेड वन्संच्या यजमानांची. ते पाटे ठोकायचे. आयुष्यभर घण मारून मारून त्यांचे कान गेले, त्यामुळे ड्रायव्हर लोक ओरडून ओरडून दमायचे. मग वन्सं डबा घेऊन गेल्या की तिथेच थांबायच्या आणि ड्रायव्हरचं गाऱ्हाणं नवऱ्याला खुणांनी सांगायच्या. गाडी डावीकडे ओढते, खड्ड्यात आवाज करते, स्टिअरिंग जड झालंय. पाच वर्षं दुसऱ्याची दुखणी सांगता सांगता बाई स्वतः वैद्य झाली. यजमान गेले त्याला आता अठरा वर्षं झाली. तेराव्या दिवशी लोक शेड विकत मागायला आले, तर वन्सं ट्रकखाली होत्या.

त्यांच्या कामाच्या काही खोडी आहेत. गाडीतून काढलेल्या प्रत्येक भागावर त्या खडूने एक बाण काढतात. बाणाचं टोक गाडीच्या तोंडाकडे. साधा वॉशर असला तरी बाण. मी हसले की म्हणतात, "गाडीत असतो तोवर त्याला दिशा असते गं. बाहेर काढला की तो नुसतं लोखंड होतो." दुसरी खोड म्हणजे दोरा. टेपवर त्यांचा विश्वास नाही, टेप ताणला जातो, वाकतो, आकडे पुसतात. दोरा दुमडला की बरोबर अर्धा होतो, त्यात आकडाच नाही तर चुकणार काय? आणि तिसरी, पुढच्या कमानी बदललेली कोणतीही गाडी त्यांच्या शेडमधून एकटी जात नाही. वन्सं ड्रायव्हरशेजारी बसतात, गाडी सरळ मोकळ्या रस्त्यावर नेतात आणि सांगतात, "हात सोड." दहा आकडे मोजेपर्यंत गाडी सरळ गेली तर काम झालं. नाही तर मागे फिरायचं, पुन्हा सगळं खोलायचं.

आता माझा नवरा. तो ट्रक चालवतो. स्वतःचा ट्रक, जुना, सासऱ्यांच्या वेळेपासूनचा. ज्या कंपनीने तो बनवला तिने ते मॉडेल बंद करूनही जमाना लोटला. मीही ट्रकांच्याच जिवावर पोट भरते असं म्हणता येईल, कारण पुढच्या खोलीत माझं शिवणयंत्र आहे आणि मी ताडपत्र्या आणि सीटची कव्हरं शिवते. माणूस शांत. सव्वीस वर्षांत गाडीला साधा ओरखडा नाही. भांडण मी करायचं आणि मिटवायचं त्यांनी, अशी आमच्या घरात वाटणी आहे.

त्या सकाळी ते खताची पोती भरून निघाले होते. रस्ता ओला होता. पुढची गाडी थांबली म्हणून यांनी ब्रेक मारला आणि ट्रक रस्ता सोडून डावीकडे गेला तो थेट एका बंद गिरणीच्या भिंतीवर आदळला. भिंत पडली. यांच्या कपाळाला सहा टाके. बाकी कुणाला काही झालं नाही. पण त्या भिंतीच्या सावलीत रोज एक चपला शिवणारा म्हातारा बसतो. त्या दिवशी त्याच्या मुलीकडे बाळ झालं होतं म्हणून तो आला नव्हता. त्याची पेटी होती. पेटीचा भुगा झाला.

टाके पंधरा दिवसांत निघाले, पण पूर्वीचा माणूस काही घरी परतला नाही. डोक्याला मार लागल्यामुळे शेवटचे काही क्षण त्यांना आठवतच नव्हते. ब्रेकवर पाय ठेवला एवढं आठवायचं, मग एकदम भिंत. मध्ये काय झालं ते कोरं. आणि कोऱ्या जागेवर लोक आपापलं लिहितात. पहाटे निघाला होता, डोळा लागला असेल. वय झालं आता. एकजण तर माझ्या तोंडावर म्हणाला, "वहिनी, झोप कुणाला चुकलीय?" माझ्या अंगाचा तिळपापड झाला, त्याच्या ताडपत्रीचं काम मी तिथल्या तिथे परत केलं. पण मी जगाशी भांडत होते आणि इकडे नवऱ्याने स्वतःच ते मान्य करून टाकलं होतं. "लागला असेल डोळा," ते म्हणायचे. "तो म्हातारा तिथे असता तर?" चालवायला कुणी दुसऱ्याची गाडी दिली तरी नको म्हणायचे. रस्ता ओलांडताना माझ्या मागे चालायचे. शेवटी एक दिवस त्यांनी सांगितलं की गाडी दुरुस्त झाली की विकायची, आणि ते गोदामावर गेटकीपर होणार. सव्वीस वर्षं ज्या हातांवर माझं घर चाललं, त्या हातांकडे ते परक्यासारखे बघत होते. मला त्यांचे ते हात परत हवे होते, बाकी गाडी गेली खड्ड्यात.

गाडी दोरखंडाने ओढत वन्संच्या शेडमध्ये आणली. पुढचा सगळा भाग नव्याने बांधायचा होता. डावीकडच्या कमानीचा मुख्य पाटा मोडलेला, किंगपिन वाकलेली. किंगपिन म्हणजे ज्या खुंटीभोवती पुढचं चाक वळतं ती. अस्सल भाग मिळायचा प्रश्नच नव्हता. मग पार्टवाले शेठ कामाला लागले. शेठचं दुकान दोन गल्ल्या सोडून आहे, आणि कोणत्या गाडीचं काय कोणत्या गाडीला बसतं हे त्यांना पाठ आहे. किंगपिन एका टेंपोची, जाडी तीच, लांबी थोडी जास्त. ती ज्यात फिरते ते बुश दुसऱ्याच कुणाचे. धक्के शोषणारे शॉकअप तिसऱ्याचे. कमानी एका बसच्या.

"पदरी पडलं पवित्र झालं," मी म्हटलं.

"पवित्र नंतर," वन्सं म्हणाल्या. "आधी ओळख. दुसऱ्या गाडीचा भाग वाईट नसतो गं, वेगळा असतो. त्याला विचारावं लागतं, बाबा तू कसा आहेस? खोक्यावर लिहिलेलं वाचून सोयरीक करायची नाही."

शेठ हसले. "ताई, असल्याच कमानी दहा महिन्यांपूर्वी तुम्ही ह्याच गाडीला घातल्या होत्या. जुनी ओळख आहे."

खरंच होतं ते. दहा महिन्यांपूर्वी सासऱ्यांच्या वेळचे अस्सल पाटे संपले, तेव्हा वन्संनीच ह्या बसच्या कमानी पहिल्यांदा बसवल्या होत्या.

मी त्या दिवशी सीटचं नवं कव्हर घेऊन गेले होते, जुनं यांच्या रक्ताने भरलं होतं. शेठ नव्या कमानी हातगाडीवरून उतरवून घेत होते. दोन ड्रायव्हर आपापल्या गाड्यांची वाट बघत टायरवर बसले होते. वन्संनी नवी कमान जमिनीवर ठेवली, खिशातून दोरा काढला, पाट्याच्या एका टोकाच्या गोल डोळ्यापासून दुसऱ्या डोळ्यापर्यंत ताणला, दुमडला, आणि दुमड कुठे पडते ते पाहिलं. दुमड मधल्या बोल्टवर पडायला हवी होती. ती पडली नाही. अर्ध्या बोटाने चुकली.

त्यांनी पुन्हा मोजलं. मग दुसरी कमान मोजली. तिथेही तसंच.

"भोक मधोमध नाही," त्या म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता. "बसची कमान आहे. पुढची बाजू आखूड, मागची लांब."

"मग?" मी विचारलं.

त्या उत्तर द्यायला थांबल्या नाहीत. शेडच्या मागच्या भिंतीशी गाडीतून काढलेल्या जुन्या कमानी पडल्या होत्या. डावीकडची मोडलेली, पण तुकडे तारेने जागच्या जागी बांधलेले. दोन्हींवर खडूचे बाण, टोक गाडीच्या तोंडाकडे. वन्संनी मला एक टोक धरायला लावलं आणि दोन्ही कमानी शेजारी शेजारी ठेवल्या, बाण एका दिशेला. मला काही दोरा लागला नाही. हातच्या काकणाला आरसा कशाला? उजव्या कमानीचा बोल्ट पुढे होता, डावीचा मागे. एकीची आखूड बाजू पुढे, दुसरीची लांब बाजू पुढे. दोघींच्या मध्ये बरोबर एका बोटाचा फरक.

अस्सल कमानींचं भोक मधोमध असायचं. कशीही घाला, सुलटी काय नि उलटी काय. तीस वर्षं वन्संच्या हाताला तीच सवय. बसच्या कमानी आल्या त्या दिवशी उजवी नशिबाने सुलटी चढली आणि डावी उलटी. म्हणजे आठ महिने आमच्या ट्रकचं डावं चाक उजव्यापेक्षा बोटभर मागे होतं, आणि आठ महिने तो ट्रक डावीकडे जाऊ पाहत होता. कोरड्या रस्त्यावर, हलक्या हाताने, माणूस ते सांभाळून नेऊ शकतो. ओल्या रस्त्यावर भरलेल्या गाडीचा ब्रेक मारला, तर नाही.

"अहो, त्यांचा खांदा!" मी ओरडलेच. आठ महिने मी यांच्या उजव्या खांद्याला मलम चोळत होते. रोज संध्याकाळी. माणूस दिवसभर आपला ट्रक उजवीकडे ओढून धरत होता.

वन्सं उलट्या ठेवलेल्या डब्यावर बसल्या. त्यांना बसलेलं मी शेडमध्ये कधी पाहिलं नव्हतं. दोरा बोटाभोवती गुंडाळत होत्या, सोडत होत्या.

"दहा आकडे मोजायला गेले नाही मी," त्या म्हणाल्या. "दोन गाड्या रांगेत होत्या. म्हटलं, घरचीच गाडी आहे, हा नेईल. उभ्या जन्मात एक गाडी सोडली मी, ती माझ्या भावाची."

मला त्यांचा राग आला. सरळ सांगते, खूप राग आला. सगळ्या जगाच्या ट्रकांची डोळ्यात तेल घालून काळजी घेणारी बाई, आणि दिव्याखाली अंधार! माझ्या नवऱ्याचं कपाळ फुटलं, तो म्हातारा मेला असता, आणि माझा माणूस दोन महिने स्वतःला खुनी समजत बसला होता. मी बोलायला तोंड उघडलं, पण शेठ आधी बोलले. शेठ माणूस वाईट नाही, फक्त दुकानदार आहे. हळूच म्हणाले, "ताई, नव्या कमानी आल्याच आहेत. नीट बसवून टाका, विषय संपला. झाकली मूठ सव्वा लाखाची. तुमच्या नावावर ही सगळी लाईन चालते. आणि आपलेच दात, आपलेच ओठ. कुणाला काय कळतंय?"

मी वन्संकडे पाहिलं. माझा राग तिथेच अडकून राहिला. कारण शेठ म्हणत होते ते खरं होतं. त्या गप्प राहिल्या असत्या तर कुणालाही कळलं नसतं. मोडलेली कमान भंगारात गेली असती, त्यांचं नाव राहिलं असतं, आणि माझा नवरा गोदामाच्या फाटकावर स्टूल टाकून बसला असता. एवढाच हिशोब होता आणि तो फक्त त्यांच्या हातात होता. मी सांगितलं असतं तरी ती बायकोची माया ठरली असती. कमानीबद्दल ह्या लाईनमध्ये शब्द चालतो तो एकाच माणसाचा.

वन्सं उठल्या. शेठना म्हणाल्या, "शेठ, तुम्ही पार्ट विका. शहाणपण माझ्याकडे पुरेसं शिल्लक आहे." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "जा, त्याला घेऊन ये. आत्ताच. हे दोघं जायच्या आत." हे दोघं म्हणजे टायरवर बसलेले ड्रायव्हर. त्यांना साक्षीदार हवे होते. ह्या बाईचं सगळं उलटंच.

मी घरी धावत गेले. यांना काही सांगितलं नाही, फक्त म्हटलं, ताईंनी बोलावलंय. ते माझ्या मागे मागे आले, शेडच्या दारात थांबले. आपल्या मोडक्या ट्रककडे त्यांनी पाहिलं नाही.

"इकडे ये," वन्सं म्हणाल्या. "बोट दे."

"काय?"

"बोट दे म्हणते ना."

त्यांनी यांचं बोट धरलं, लहानपणी धरत असतील तसंच, आणि दोन बोल्टांच्या मधल्या फरकात ठेवलं. बरोबर मावलं.

"डावी कमान मी उलटी घातली होती. आठ महिने तुझं डावं चाक एवढं मागे होतं. ब्रेक मारल्यावर गाडी डावीकडे गेली ती ह्याच्यामुळे. तुझा डोळा लागला नव्हता. डोळा माझा लागला होता, कमान चढवताना. जागेपणी." त्यांनी मान वळवून टायरवरच्या दोघांकडे पाहिलं. "ऐकलंत ना? आता जा आणि अड्ड्यावर सगळ्यांना सांगा. आणि गेल्या वर्षभरात ज्यांनी ह्या बसच्या कमानी माझ्याकडून घातल्यात त्या सगळ्यांना इकडे पाठवा. अकरा गाड्या आहेत. मी नावं सांगते."

माझा नवरा खाली बसला. त्याने स्वतः दोरा घेतला, स्वतः मोजलं, बाणांची टोकं पाहिली, तारेने बांधलेला पाटा हाताने चाचपला. मग उठून आपल्या चाकं नसलेल्या ट्रकपाशी गेला, दार उघडलं आणि केबिनमध्ये जाऊन बसला. दोन्ही हात स्टिअरिंगवर. काचेतून मला त्याचा चेहरा दिसत होता. तो रडत होता आणि मी त्याला रडू दिलं. मीही रडले, उगाच खोटं कशाला बोलू?

हे खाली उतरले तेव्हा त्यांनी बहिणीला एवढंच विचारलं, "किती दिवस लागतील?"

"तू हाताखाली आलास तर तीन."

तीन दिवस दोघं भावंडं ट्रकखाली होती. पहिला दिवस नुसता मोजण्यात गेला. दोन्ही टोकांना दोरा बांधून, त्याला लोखंडी गोळा लटकवून वन्संनी एक्सलला पीळ पडलाय का ते पाहिलं. पडला नव्हता. टेंपोची किंगपिन लांब होती, तिचं जादा टोक कापायचं की खाली पातळ चकती घालायची यावर दोघांचं भांडण झालं, चकती जिंकली. नव्या बुशांचं भोक अगदी कणभर अरुंद होतं. वन्संनी रीमर हाताने फिरवून ते उघडलं. रीमर म्हणजे भोक रुंद करायचं धारदार हत्यार, आणि ते मशीनवर लावायला त्या तयार नव्हत्या. दोन फेरे, मग पिन घालून बघायची, पुन्हा एक फेरा. शेवटी पिन स्वतःच्या वजनाने सावकाश खाली गेली, तेव्हा त्यांनी मान हलवली. शॉकअपचा वरचा कान दोन सूत जाड निघाला, शेठ येऊन बदलून देऊन गेले. आणि प्रत्येक नव्या भागावर खडूचा बाण. कमानींवर तर यांनी पांढऱ्या रंगाने काढले, खडू पुसतो म्हणून.

त्याच तीन दिवसांत त्या अकरा गाड्याही यायला लागल्या. अड्ड्यावर बातमी पसरली होती. दोन लोक खो खो हसले, एकाने आपली गाडी दुसऱ्या कमानवाल्याकडे नेली. बाकीचे आले. वन्संनी प्रत्येकीखाली जाऊन मोजलं. सगळ्या सुलट्या होत्या, म्हणजे एखादी उलटी चढली असेलच तर गाडी दहा आकड्यांत ओढली असेल आणि पुन्हा खोलून बसवताना, कारण न कळताच, ती सुलटी झाली असेल. एक वयस्कर ड्रायव्हर जाताना म्हणाला, "ताई, आजवर मी तुमच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवायचो." वन्सं म्हणाल्या, "तेच तर चुकत होतं. आता उघडे ठेवून ठेव." तो हसला, आणि पुढच्या महिन्याचा नंबर लावून गेला.

चौथ्या दिवशी सकाळी गाडी उतरवली. शेठच्या गोदामातली सिमेंटची पोती भरली, कारण रिकाम्या गाडीवर कमान खरी बोलत नाही. हे ड्रायव्हरच्या जागी, वन्सं मधे, मी दाराशी. मला कुणी बोलावलं नव्हतं, मी चढले. यांनी किल्ली अर्धवट फिरवून सोडून दिली. दुसऱ्यांदा मात्र पुरती फिरवली. मोकळ्या रस्त्यावर दहा आकडे झाले, गाडी पुसटशीसुद्धा हलली नाही. वन्संनी मोजणं वीसपर्यंत नेलं. मग ब्रेक. गाडी थांबली ती सरळ, नाकासमोर.

"बाजूला घे," वन्सं म्हणाल्या. "नव्या कमानी ओझ्याखाली दबल्या असतील, बोल्ट पुन्हा आवळायला हवेत." आणि पाना घेऊन त्या मला ओलांडून खाली उतरल्या.

केबिनमध्ये आम्ही दोघंच उरलो. ह्यांचा चेहरा मोकळा झाला होता, दोन महिन्यांनी. आणि माझ्यातला तो अडकलेला राग नेमका तेव्हा बाहेर पडला. माणसाला आपलं माणूस परत मिळालं की भांडायची ताकद येते.

"आठ महिने!" मी म्हटलं. "आठ महिने गाडी ओढत होती, खांदा मोडून घेतलात, आणि एका शब्दाने कुणाला सांगितलं नाहीत! तोंडाला काय कुलूप घातलं होतं? पहिल्याच दिवशी बोलला असतात, तर ही वेळ आली असती का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही.

"बोललो होतो की," ते म्हणाले. "पहिल्याच दिवशी. तुला."

"मला?"

"संध्याकाळी. तू मशीनवर होतीस. मी म्हटलं, गाडी डावीकडे ओढल्यासारखी वाटते. तू म्हणालीस, ताईंच्या कामाला नावं ठेवता? गाडी सरळच आहे, तुमचेच हात म्हातारे झालेत. मग मला वाटलं, असतीलही."

आधी मी नाही म्हणणार होते. मग आठवलं. हिरवी ताडपत्री होती, जाड शिवण, सुई सारखी मोडत होती. मी मान वरसुद्धा केली नव्हती. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. हसण्यावारी बोलले होते, आणि स्वतः विसरूनही गेले होते. त्यांनी मात्र ते धरून ठेवलं होतं. लोकांनी 'डोळा लागला' म्हटलं ते नंतर. त्यांच्या हातांवर पहिला अविश्वास दाखवला तो मी.

"चुकलं माझं," मी म्हटलं. आमच्या सव्वीस वर्षांत हे वाक्य मी वापरल्याचं मला आठवत नाही. माझ्या गुडघ्यावर हात ठेवून त्यांनी तो जरा दाबला. हात चांगला घट्ट होता.

मी दार उघडून खाली वाकले. ट्रकखालून वन्संचे नुसते पाय दिसत होते.

"वन्सं," मी हाक मारली, "चूक एकट्या तुमची नव्हती. यांनी मला पहिल्या दिवशीच सांगितलं होतं गाडी ओढते म्हणून. मी उडवून लावलं."

खाली पाना थांबला. मला वाटलं, आता चांगली खरडपट्टी निघणार, आणि निघायलाच हवी होती.

"मग तिथे वर काय करतेस?" ट्रकखालून आवाज आला. "खाली उतर. पाना धर."

मी साडीचा पदर खोचला आणि उतरले. ओल्या गवतावर पाठ टेकून आत सरकले. वन्संनी पान्याचं टोक माझ्या हातात दिलं, त्यावर स्वतःचा हात ठेवला आणि म्हणाल्या, "ओढ." मी ओढला. बोल्ट थोडा फिरला.

"बस?" मी विचारलं.

"अजून," त्या म्हणाल्या.